आधी ओल, मग अंधार: कोकणातल्या घरातली डार्करूम

घरात डार्करूम, म्हणजे फिल्म धुण्याची आणि फोटो छापण्याची अंधारी खोली, करायची म्हटली की सगळे आधी अंधाराची चिंता करतात. कोकणात अंधार करणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम आहे. थोडं प्लायवुड, काळं कापड आणि दोन दिवसांची मेहनत, एवढ्यात ते उरकतं. झुंज ओलीशी द्यावी लागते. पावसाळाभर हवा पाण्यानं जड झालेली, किनाऱ्याजवळ ती खारीसुद्धा, आणि टाकीतलं पाणी जवळजवळ बाराही महिने कोमट. लेन्समधली बुरशी, फुगून न मिटणारं दार, गंजलेला एन्लार्जर (निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडणारं यंत्र), काचेला चिकटलेली निगेटिव्ह, दगड झालेला सोडियम कार्बोनेट, सगळ्यांचं मूळ एकच. म्हणून खोली निवडण्यापासून सांडपाणी सोडण्यापर्यंत प्रत्येक निर्णय आधी ओलीचा विचार करून घ्या, मग अंधाराचा.

पुढचं सगळं कृष्णधवल कामापुरतं आहे: ३५ मिलिमीटर आणि १२० फिल्म, आणि ८ बाय १० इंचांपर्यंतचे प्रिंट.

जुन्या कौलारू घरात माजघराला लागून कोठीची किंवा बाळंतिणीची खोली असते. खिडकी नसते किंवा एखादा झरोका असतो, त्यामुळे तीच पहिल्यांदा डोळ्यांत भरते. ती घेण्याआधी पावसाळ्यात तिच्या भिंती तपासा. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. जांभा सच्छिद्र दगड आहे, जोत्यातली ओल तो वर खेचतो. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर भिंत ठीक आहे, हवा ओली आहे. दुसऱ्या प्रकारावर उपाय करता येतो. पहिल्या प्रकारची खोली शक्यतो सोडा. घेणं भागच असेल तर टेबल, कपाट, शेल्फ सगळं भिंतीपासून दोन इंच दूर ठेवा, म्हणजे मागून हवा फिरते. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण भिंत बाहेर उघडी नसलेली खोली सगळ्यांत चांगली.

शेणानं सारवलेली जमीन इथं चालणार नाही, धूळ उठते. कोबा किंवा फरशी हवी. जांभ्याची उघडी भिंतही नको, लाल भुकटी झडत राहते आणि निगेटिव्हवर बसली की प्रिंटवर पांढरे ठिपके येतात. गिलावा करून रंग लावा. सगळी खोली काळी रंगवण्याची गरज नसते. पांढऱ्या भिंतींवरून सेफलाइटचा, म्हणजे फोटोच्या कागदाला न बिघडवणाऱ्या लाल दिव्याचा, उजेड सगळीकडे पसरतो आणि काम सोपं होतं. फक्त एन्लार्जरच्या मागची आणि बाजूची भिंत, प्रत्येकी तीनेक फूट, चमक नसलेल्या काळ्या रंगाची हवी, कारण एन्लार्जरमधून थोडा पांढरा उजेड निसटतोच आणि तो परतून कागदावर पडता कामा नये.

कौलांतून शेकडो ठिकाणी उजेड झिरपतो. एकेक फट बुजवत बसू नका, खाली पोटमाळ्यासारखं सपाट छत घाला. त्यासाठी फायबर सिमेंटची शीट घ्या. जिप्समचं छत ओल पिऊन लोंबतं आणि साध्या प्लायला वाळवी लागते. शीटच्या वर उतार देऊन ताडपत्री अंथरा, कारण माकडं कौलं सरकवतात आणि गळती वरच्या वर बाहेर गेलेली बरी. चढून पाहण्यापुरती एक झडप ठेवा.

दाराला लाकूड नको. मे महिन्यात नीट बसणारं दार जुलैत चौकटीत अडकतं, आणि तासून सैल केलं की डिसेंबरात फट पडते. बाथरूमला लावतात तसलं पीव्हीसीचं दार घ्या, चौकटीला आतून काळ्या फोमची पट्टी लावा, आणि दाराच्या आतल्या बाजूला एक फूट जास्त रुंद आणि जमिनीवर लोळेल एवढा लांब जाड काळा पडदा सोडा. झरोक्याला १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची फळी कापून कडांना फोम लावून स्क्रूनं घट्ट बसवा. चिकटपट्टीच्या भरवशावर काहीही ठेवू नका. पहिल्या पावसात तिचा गोंद पाघळतो आणि पट्टी घसरते, तीही नेमकी फिल्म उघडी असताना.

अंधार तपासायचा तो भर दुपारी बारा ते दोनच्या मध्ये. आत जाऊन दार लावा आणि दहा मिनिटं नुसते बसा. पाच मिनिटांत न दिसलेल्या फटी दहाव्या मिनिटाला दिसतात. पांढरा कागद हातभर अंतरावर धरा. पंधरा मिनिटांनंतरही तो दिसत नसेल तर फिल्म हाताळण्याइतका अंधार झाला. स्विचबोर्डावरचे छोटे लाल दिवे, स्टॅबिलायझरचा डिस्प्ले, घड्याळाचे चमकणारे काटे, मोबाइल यांनाही झाका किंवा बाहेर काढा. खोलीत पांढरा एलईडी किंवा सीएफएल असेल तर तो विझवल्यावरही काही वेळ मंद उजळत राहतो. फिल्म काढण्याआधी तीन-चार मिनिटं थांबा.

आता हवा. ६ बाय ८ फुटांची, ८ फूट उंचीची खोली म्हणजे ३८४ घनफूट. तासाला दहा ते पंधरा वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे साधारण ११० ते १६५ घनमीटर. ६ इंची एक्झॉस्ट पंखा कागदावर एवढं देतो, पण उजेड अडवण्यासाठी त्याच्यासमोर वळणं घातली की त्याचा जोर निम्म्यावर येतो. म्हणून ८ इंची घ्या. उजेड अडवायला प्लायची एक पेटी करा, आत एकाआड एक तीन आडव्या फळ्या, सगळं आतून काळं. पंखा फिक्सरच्या (उमटलेलं चित्र कायम करणाऱ्या द्रावणाच्या) ट्रेजवळ, टेबलाच्या उंचीला हवा. छताजवळ बसवला तर ॲसिटिक ॲसिडचा आणि सल्फर डायऑक्साइडचा वास आधी तुमच्या नाकावरून वर जातो. हवा आत येण्यासाठी समोरच्या भिंतीत, दाराच्या खालच्या भागात, तसंच वळणांचं भोक ठेवा आणि त्यावर एसीच्या फिल्टरची जाळी लावा. आत येण्याची वाट केली नाही तर पंखा कौलांच्या फटींतून धूळ ओढतो.

खोलीची एक बाजू कोरडी, एक ओली, मध्ये किमान अडीच फुटांची वाट. कोरड्या बाजूला एन्लार्जर, कागद, ट्रिमर, निगेटिव्ह. ओल्या बाजूला ट्रे. ओल्या हातानं कोरड्या बाजूला जायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, टॉवेल मधल्या खिळ्याला टांगा. ८ बाय १० च्या कागदाला १० बाय १२ चा ट्रे लागतो. डेव्हलपर (चित्र उमटवणारा), स्टॉप (ते उमटणं थांबवणारा), फिक्सर आणि साधं पाणी असे चार ट्रे, म्हणजे ओली बाजू किमान साडेचार फूट लांब. उंची ३४ ते ३६ इंच. यापेक्षा ठेंगणं टेबल केलं तर दोन तासांत कंबर बोलू लागते.

ओल्या बाजूला गवंडी सवयीनं कडप्पा टाकतील. त्यांना थांबवा. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, स्टॉप बाथमधलं ॲसिड सांडलं की तो फसफसतो आणि खरखरीत पांढरे डाग पडतात. ग्रॅनाइट चालतं. त्याहून बरं म्हणजे मरीन प्लायवर इपॉक्सीचे तीन हात देऊन दोन इंच काठाची उथळ परात बनवणं. एका कोपऱ्याकडे उतार द्या आणि तिथून पाइप काढा, म्हणजे सांडलेलं सगळं एकाच ठिकाणी जमतं. हे जमलेलं पाणी कुठं सोडायचं ते शेवटी येईल, आणि तो भाग वगळू नका.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ओले हात, ओली फरशी आणि धातूचा एन्लार्जर असा इथला योग आहे. ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावाच. पांढऱ्या दिव्याचा स्विच दोरीचा, उंचावर आणि सेफलाइटच्या स्विचपासून दूर ठेवा, म्हणजे अंधारात चुकून हात पडत नाही.

व्होल्टेजकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. साध्या फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. २३० चं २१८ झालं, म्हणजे फक्त पाच टक्के उतरलं, तर उजेड पंधरा टक्क्यांहून जास्त कमी होतो. २०० वर आलं तर जवळजवळ चाळीस टक्के. शिवाय उजेड लालसर होतो आणि मल्टिग्रेड (फिल्टर बदलून काँट्रास्ट बदलता येणाऱ्या) कागदाचा काँट्रास्टही सरकतो. संध्याकाळी सातला केलेली टेस्ट स्ट्रिप (कमीजास्त वेळ उजेड देऊन काढलेली कागदाची चाचणी पट्टी) रात्री दहाला खोटी ठरते ती यामुळे. फ्रिजचा रिलेवाला स्टॅबिलायझर इथं उपयोगाचा नाही. तो एक्स्पोजरच्या मध्येच खट्कन टप्पा बदलतो. सर्व्हो स्टॅबिलायझर किंवा ऑनलाइन यूपीएस हवा, नाहीतर एन्लार्जरमध्ये कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर चालणारा दुधी एलईडी बसवा. एलईडी घेतलात तर काँट्रास्टच्या प्रत्येक फिल्टरची टेस्ट स्ट्रिप एकदा करून पाहा, कारण त्याच्या उजेडातलं निळ्या-हिरव्याचं प्रमाण वेगळं असतं आणि फिल्टरवर छापलेला ग्रेड तंतोतंत मिळत नाही. वीज मध्येच गेली तर तो कागद फेकून द्या. उरलेली सेकंदं नंतर देऊन हिशेब जुळत नाही, कारण तोवर नेमके किती सेकंद झाले ते कळलेलं नसतं.

एन्लार्जर जुनाच घ्यावा लागेल. तालुक्याच्या गावांत बंद पडलेल्या किंवा डिजिटल झालेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर अजून ते पडून असतात, विचारलं तर मिळतात. पाहायचं काय? डोकं वर नेऊन हलवा, कॉलम डगमगता कामा नये. बेलोच्या (लेन्सच्या वरच्या घड्यांच्या नळीच्या) आत टॉर्च लावून अंधारात भोकं शोधा. लेन्स उजेडाकडे धरून आरपार पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कंडेन्सर (दिव्याखालची जाड भिंगं) काढून त्याच्यातही पाहा, तिथली बुरशी विकणाऱ्यालाही माहीत नसते. वरवरची बुरशी पुसता येते, पण तिनं काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर ती लेन्स सोडा. बहुतेक लेन्सना ३९ मिलिमीटरचे आटे असतात, त्यामुळे दुसरी मिळवणं कठीण नाही. ३५ मिलिमीटरला ५० ची लेन्स, ६ बाय ६ सेंटिमीटरच्या निगेटिव्हला ७५ किंवा ८० ची. पूर्ण उघड्या छिद्रापासून दोन घरं खाली, म्हणजे एफ ५.६ ते ८ च्या आसपास, ती सर्वांत चांगली चालते. निगेटिव्ह, लेन्स आणि खालचा तक्ता तिन्ही समांतर आहेत का ते गोल पाणसळ ठेवून बघा. चारपैकी एकच कोपरा नरम येत असेल तर दोष लेन्सचा नसतो, इथला असतो.

काचेचा निगेटिव्ह कॅरिअर (एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरणारी चौकट) पावसाळ्यात टाळा. ओलसर फिल्म काचेला चिकटते आणि प्रिंटवर इंद्रधनुषी कड्यांसारखी वलयं उमटतात. बिनकाचेचा कॅरिअर घ्या. दिव्याच्या उष्णतेनं निगेटिव्ह मध्येच फुगून फोकस सुटतो, म्हणून दिवा लावून अर्धा मिनिट थांबा, मगच फोकस करा.

लेन्स काम संपल्यावर एन्लार्जरवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि त्यात छोटा हायग्रोमीटर टाका. ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. ३० च्या खाली उतरवण्याची गरज नाही. निळं जेल गुलाबी झालं की कढईत किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा निळं करा. स्वयंपाकाची कढई त्यासाठी वापरू नका, निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो. एन्लार्जर स्वतः मोकळाच राहतो, त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणं म्हणजे ओल आत कोंडणं. सुती कापडानं झाका आणि कॉलमला शिलाई मशीनच्या तेलाचा बोट फिरवल्याएवढा थर द्या.

सेफलाइटसाठी बाजारातला लाल झिरोचा बल्ब आणला जातो. काचेवर लाल रंग फासलेला असेल तर तो नको, रंगातून पांढरा उजेड सांडतो. ज्यात आतला एलईडीच लाल आहे असा घ्या. ओळखायचं कसं? बल्ब लावून जुनी सीडी त्याच्यासमोर तिरपी धरा. परावर्तनात फक्त लाल पट्टा दिसला तर ठीक, हिरवा-पिवळा दिसला तर परत करा. ट्रेपासून चार फूट दूर लावा. तरीही परीक्षा हवीच. पूर्ण अंधारात कागदाला एन्लार्जरखाली इतका थोडा उजेड द्या की डेव्हलप झाल्यावर तो जेमतेम राखाडी व्हावा. मग सेफलाइट लावून त्यावर ओळीनं नाणी ठेवा आणि १, २, ४, ८ मिनिटांनी एकेक उचला. सेफलाइट विझवून डेव्हलप करा. आठ मिनिटांच्या नाण्याची जागा उमटली आणि चारची नाही, तर तुमच्याकडे चार मिनिटं आहेत. कोऱ्या कागदावर नुसती नाणी ठेवून केलेली परीक्षा फसवी असते. कोरा कागद थोडा उजेड गिळून पांढराच राहतो, पण प्रत्यक्ष प्रिंटमध्ये तोच उजेड आकाशातले ढग मळवतो.

रसायनं तयार पुड्यांत मिळतात, पण किनाऱ्यावर घटक सुटे विकत आणून स्वतः मिसळणं जास्त परवडतं. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत सगळं मिळतं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू घ्या. फिल्मसाठी डी-७६ डेव्हलपर: ५० अंशांचं ७५० मिलिलिटर पाणी, मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, आणि थंड पाणी घालून १ लिटर. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळतच नाही. कागदासाठी डी-७२: मेटॉल ३, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, १ लिटरपर्यंत पाणी. वापरताना त्याच्या एका भागात दोन भाग पाणी. मेटॉलनं काहींच्या हाताला पुरळ येतं, म्हणून ट्रेमध्ये चिमटे वापरा, बोटं नकोत.

इथं ओल पुन्हा आडवी येते. कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतं आणि वजन खोटं होतं. सल्फाइट ओल्या हवेत हळूहळू सल्फेट होतं आणि डेव्हलपर लवकर मरतो. बरण्या लोणच्याच्या बरणीसारख्या घट्ट ठेवा, पाव किलोपेक्षा मोठी पुडी आणू नका, पावसाळ्याआधी साठा संपवा. तयार द्रावण गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. अर्धी बाटली उरली तर त्यात काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा. पुस्तकात भरलेल्या बाटलीतलं डी-७६ सहा महिने टिकेल असं लिहिलेलं असतं, ते थंड खोलीचं गणित आहे. आपल्याकडे तीन महिन्यांनंतर आधी फिल्मच्या शेंड्याचा तुकडा उजेडात बुडवून पाहा. तो नेहमीच्या वेळात गडद काळा झाला तरच खरी फिल्म टाका.

स्टॉप बाथला १ लिटर पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं आणि ॲसिटिकसारखा वास येत नाही. फिक्सरसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. हायपोचे खडे विरघळताना पाणी गार पडतं, म्हणून सुरुवात ५० अंशांच्या पाण्यानं करा. उन्हाळ्यात फिल्मचं जिलेटिन मऊ पडतं, त्यावर तुरटी घातलेला जुना एफ-५ फिक्सर अजूनही चांगला: ६०० मिलिलिटर पाण्यात हायपो २४० ग्रॅम, सल्फाइट १५ ग्रॅम, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १३ मिलिलिटर, बोरिक ॲसिड ७.५ ग्रॅम, पोटॅश अलम (तुरटी) १५ ग्रॅम, आणि १ लिटरपर्यंत पाणी. क्रम हाच ठेवा. सल्फाइटच्या आधी ॲसिड घातलं तर गंधक फुटून द्रावण दुधासारखं पांढरं होतं आणि फेकावं लागतं. ॲसिड नेहमी पाण्यात सोडा, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. दाढीची तुरटी वापरू नका, तिच्यात काय आहे ते छापलेलं नसतं.

तापमानाचा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. तक्ते २० अंशांचे असतात आणि टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० च्या पुढं. एक अंश वाढला की वेळ साधारण दहा टक्के घटते. एचपी-५ फिल्मला न पातळ केलेल्या आयडी-११ मध्ये (हा डी-७६ सारखाच डेव्हलपर) २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. २६ वर ती चार मिनिटं होतात, आणि पाच मिनिटांखालची वेळ धोक्याची. ओतण्यात आणि काढण्यात गेलेली वीस सेकंदंही निगेटिव्हवर पट्टे होऊन दिसतात. म्हणून पातळ करा. एकास एक केलं तर २० अंशांना १३ मिनिटं, २४ ला साधारण ९, २६ ला साधारण ७. एकास तीन केलं तर २० अंशांची वेळ २० मिनिटं, २६ ला दहाच्या वर. कोकणासाठी २४ अंश आणि एकास एक हे जोडपं ठरवून टाका आणि वर्षभर तेच पाळा. २० चा हट्ट धरू नका. डेव्हलपर २० ला आणि धुण्याचं पाणी ३० ला, अशा उडीत जिलेटिन सुरकुततं आणि सगळ्या निगेटिव्हवर बारीक जाळी उमटते. ती पुसली जात नाही. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकमेकांपासून दोन अंशांच्या आत हवं.

गार करायला माठ उपयोगाचा नाही. देशावर कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो, पण २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत पाणी बाष्प होऊन उडतच नाही, त्यामुळे माठ फार तर दोन अंश उतरवतो. बर्फ घ्या. ५ लिटर पाणी २८ वरून २४ वर आणायला जेमतेम २०० ग्रॅम बर्फ लागतो. घमेल्यात पाणी, त्यात बाटल्या आणि डेव्हलपिंग टँक (फिल्म धुण्याचा उजेडबंद डबा) उभे, आणि फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली त्यात तरंगती ठेवा. २४ वर काटा आला की बाटली बाहेर. बर्फ थेट द्रावणात टाकू नका, पातळ होतं.

फिल्म टँकमधल्या रीळवर चढवायला चेंजिंग बॅग (हात घालायला बाह्या असलेली उजेडबंद पिशवी) वापरायची असेल तर ती रात्री, पंख्याखाली वापरा. पाच मिनिटांत आत हातांचा घाम साचतो, फिल्म ओलसर होते आणि प्लॅस्टिकच्या रीळमध्ये मध्येच अडकते. जोर लावू नका, घडी पडते. फिल्म टँकमध्ये सोडा, झाकण लावा, हात बाहेर काढून वाळवा. रीळ आदल्या दिवसापासून सिलिकाच्या डब्यात ठेवलं तर हे टळतं. स्टीलचं रीळ एकदा हाताला बसलं की ओलीचा प्रश्नच राहत नाही.

धुण्यासाठी विहिरीचं पाणी बहुधा चांगलंच असतं, पण समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि पावसात गढूळ. नळाला कॅन्डलचा फिल्टर लावा. मचूळ पाण्याला घाबरू नका. मिठाच्या पाण्यात हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो. समुद्राच्या पाण्यात धुण्याच्या याच अनुभवातून पुढे सोडियम सल्फाइटचा क्लिअरिंग बाथ (हायपो लवकर सोडवणारं द्रावण) आला. फक्त शेवटची पाच मिनिटं गोड्या पाण्यात धुतलंच पाहिजे, मीठ निगेटिव्हवर राहिलं तर ते ओल ओढत राहील. चार पाऊस होऊन कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांचं पाणी गाळून वापरा, धुण्यासाठी ते फार छान. शेवटचं पाणी मात्र गॅरेजमध्ये मिळतं ते बॅटरीचं डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब.

वाळवणं हे पावसाळ्यातलं सगळ्यांत अवघड काम. उघड्यावर टांगलेली फिल्म रात्रभरात वाळत नाही आणि मऊ जिलेटिनवर चिलटं चिकटतात. सहा फूट उंचीचं अरुंद कपाट करा, कारण ३६ फ्रेमची फिल्म पाच फुटांहून लांब असते. तळाशी ६० वॉटचा साधा बल्ब पत्र्याच्या आडोशाखाली, तळाला आणि माथ्याला बारीक जाळीचं भोक. २८ अंशांची ९० टक्के ओली हवा ३८ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता. दोन तासांत फिल्म वाळते. ४० च्या वर नेऊ नका, फिल्म गुंडाळी धरते. हेच कपाट बल्ब बदलून ऑगस्टात कागदाच्या पाकिटांसाठीही वापरता येतं, १० वॉट पुरतात.

आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेला) कागद दोन मिनिटं धुऊन तारेवर टांगला की झालं. फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेला) कागद मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. त्याला २० ग्रॅम सल्फाइट प्रति लिटरच्या पाण्यात दहा मिनिटं आणि मग वीस मिनिटं वाहतं पाणी लागतं. मच्छरदाणीची जाळी ताणलेल्या चौकटीवर तोंड खाली करून ठेवला तर हिवाळ्यात तो दोन दिवसांत सपाट वाळतो. जुलैत तोच चार दिवस ओलसर राहतो आणि बुरशीचा वास धरतो.

निगेटिव्ह पीव्हीसीच्या किंवा बटर पेपरच्या पाकिटात ठेवू नका, ओल्या हवेत दोन्ही जिलेटिनला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. कसर जिलेटिन खाते, म्हणून फाइल लाकडी फडताळात नको, झाकणाच्या डब्यात सिलिकासोबत ठेवा. डांबर गोळ्याही नकोत, त्यांची वाफ निगेटिव्हवर स्फटिक धरते. फ्रिजमधला कागद किंवा फिल्म वापरायची असेल तर आदल्या रात्री बाहेर काढा आणि पाकीट बंदच ठेवा. थंड पाकीट उघडलं की पहिल्या मिनिटात आत दव धरतं.

उरलं सांडपाणी. डेव्हलपर आणि स्टॉप भरपूर पाण्यातून शोषखड्ड्यात गेले तर थोड्या कामात फार बिघडत नाही. फिक्सरचं तसं नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, आणि जांभ्यातून पाणी झपाट्यानं खाली उतरतं. परसातला खड्डा आणि पिण्याची विहीर यांत बहुतेक घरांत पन्नास पावलंही नसतात. शेजाऱ्यांची विहीर त्याहून जवळ असू शकते. वापरलेला फिक्सर प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा. तो संपला हे कळायला फिल्मचा तुकडा ताज्या फिक्सरमध्ये किती सेकंदांत पारदर्शक होतो ते लिहून ठेवा, ती वेळ दुप्पट झाली की फिक्सर बाद. बादलीत साध्या लोखंडी लोकरीचे दोन गोळे ठेवा, स्टेनलेसची घासणी चालत नाही, आणि त्यावर हा फिक्सर ओतून झाकण सैल लावून दोन दिवस ठेवा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. वरचं पाणी दुसऱ्या कॅनमध्ये काढा आणि त्यात स्वच्छ घासलेली तांब्याची पट्टी मिनिटभर बुडवा. पट्टीवर राखाडी मुलामा आला तर चांदी अजून आहे, नवी लोकर घालून पुन्हा दोन दिवस ठेवा. पट्टी तांबडीच राहिली तरच ते पाणी दहापट पाण्यात मिसळून सोडा, तेही उतार विहिरीकडे जात नाही अशा बाजूला. गाळ वाळवून बरणीत साठवा. चांदी गाळणारे कारागीर तो घेतात.